कपाटाची किल्ली

आपल्या क्लब हाऊसमध्ये टेबल टेनिसच्या टेबलामागे एक राखाडी लोखंडी कपाट आहे. नव्याने राहायला आलेल्या बऱ्याच जणांना त्यात गणपतीच्या सजावटीचं सामान असेल असं वाटतं. त्यात पुस्तकं आहेत. आठशे एकतीस. आकडा मला पाठ आहे, कारण रजिस्टर मी लिहिते आणि कपाटाची किल्ली गेली बावीस वर्षं माझ्याकडे, बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर, देवघराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते.

गेल्या मार्चमध्ये कमिटीच्या विषयपत्रिकेवर एक विषय आला: ‘क्लब हाऊसमधील पुस्तकांचे कपाट हलवून त्या जागी पार्सलसाठी रॅक बसविणे.’ मी त्याच रात्री सेक्रेटरींना दोन पानी विरोधाचं पत्र लिहिलं. पुणं म्हणजे विद्येचं माहेरघर वगैरे सगळं त्यात होतं. पत्र द्यायचं राहिलं आणि तेवढ्यात स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला. म्हटलं, पत्रातलंच जरा वाढवून लिहावं. जुन्या डायऱ्या काढल्या, पुण्यातल्या पुस्तकांच्या दुकानांबद्दल थोडं वाचलं, आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की पत्र चुकीच्या माणसाच्या नावे लिहिलंय. ते मी फाडलं. का फाडलं, त्याचा हा हिशोब.

मी मूळची कराडच्या बाजूची. आमच्या गावात पुस्तकाचं दुकान नव्हतं. शाळेच्या ग्रंथालयाचं कपाट होतं, पण पुस्तक सर देतील ते. १९७९ साली टेलिफोन खात्यात नोकरी लागली आणि मी पुण्यात आले. ऑफिस बाजीराव रोडला, टेलिफोन भवनात. तिथून आप्पा बळवंत चौक चालत काही मिनिटांवर. दुपारची पाळी सुटली की मी मुद्दाम त्या बाजूने नारायण पेठेतल्या खोलीवर जायची.

आप्पा बळवंत चौक आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मुलांच्या भाषेत एबीसी. जून महिन्यात आपण प्रत्येकाने कधी ना कधी तिथे पाठ्यपुस्तकांची यादी हातात धरून, घामाघूम होऊन धक्के खाल्लेत. पण तिथल्या बहुतेक दुकानांची एक रीत आहे. पुढे काउंटर, मागे छतापर्यंत पुस्तकं, आणि मध्ये दुकानातला मुलगा. आपण नाव सांगायचं, तो क्षणात नेमकं पुस्तक काढून समोर आपटणार. त्याचं डोकं म्हणजे कॅटलॉगच. ज्याला हवं त्या पुस्तकाचं नाव माहीत आहे, त्याच्यासाठी याहून सोयीची व्यवस्था नाही.

मला नावंच माहीत नव्हती. पहिल्या पगारानंतर मी एका दुकानासमोर उभी राहिले. “काय पाहिजे?” म्हणून विचारलं. मी म्हटलं, “काहीतरी वाचायला.” काउंटरमागचा माणूस हसला, वाईट हेतूने नव्हे, पण हसला. “लेखक सांगा, पुस्तक सांगा, काहीतरी सांगा ताई.” मागे माणसं खोळंबलेली. मी एक इंग्रजी-मराठी शब्दकोश मागितला, कारण तेवढंच सुचलं, आणि निघाले. शब्दकोश अजून माझ्याकडे आहे. चांगला आहे.

दोन-तीन महिन्यांनी ऑफिसातली एक मैत्रीण मला कॅम्पात घेऊन गेली. पीएमटीने पुलगेटला उतरलो, मेन स्ट्रीटने चालत मोलेदिना रोडला गेलो. तिथे मॅनीज. दाराशी माझे पाय अडखळले. सगळं इंग्रजी, माझं इंग्रजी जेमतेम, पायात रबरी चपला. पण आत गेल्यावर कोणी काही विचारलंच नाही. मांडण्यांमधून फिरायला वाट होती. हात पुढे केला की पुस्तक हातात येत होतं. उघडावं, दोन पानं वाचावीत, परत ठेवावं, शेजारचं काढावं. तासभर झाला, दोन तास झाले. मी काही न घेता बाहेर पडले आणि तरीही कोणी अडवलं नाही. पुढच्या पगाराला पुन्हा गेले आणि एक पेंग्विन घेतलं. ते पुरं वाचायला मला चार महिने लागले, आप्पा बळवंत चौकातला तो शब्दकोश शेजारी उघडा ठेवून. म्हणजे पाहिलं तर दोन्ही दुकानांनी मिळून मला वाचायला शिकवलं.

तेव्हापासून महिन्यातून एक शनिवार मॅनीजचा. लग्नानंतर हे बरोबर येऊ लागले, पण ते कयानीच्या रांगेत उभे राहायचे आणि मी इकडे. आमच्यात ठरलेलंच होतं, श्रूजबेरी संपेपर्यंत पुस्तकही वाचून व्हायला हवं. कधीच व्हायचं नाही.

मॅनीजमध्ये मी जे घेतलं त्यापेक्षा जे नुसतं हाताळलं ते किती तरी पट जास्त आहे. पक्ष्यांची पुस्तकं, नकाशे, युद्धाचे इतिहास, स्वयंपाकाची चित्रं. त्या काळी मला हे साधं वाटायचं. दुकान म्हटलं की हाताळणं आलंच. हे साधं नाही, पुस्तकाला हात लावायची मुभा पुण्यात सावकाश, एकेक पायरीने आलेली आहे, हे मला आता वाचताना कळलं. ते थोडक्यात सांगते.

पेशवाईतलं पुस्तक म्हणजे पोथी. हाताने नकललेली, सुटी पानं, वर-खाली लाकडी फळी आणि भोवती कापड बांधलेलं. एका पोथीची दुसरी प्रत हवी असेल तर कोणाला तरी बसून पुरी लिहावी लागे. त्यामुळे पोथी असायची ती वाड्यात, शास्त्र्यांच्या घरी, देवळात. विकत घ्यायला बाजारात जावं आणि चाळून पाहावं, अशी ती वस्तूच नव्हती. कोणाच्या हातात ती जाणार हे जात ठरवायची, आणि बायकांचा तर प्रश्नच नव्हता.

गंमत म्हणजे ज्यांच्या नावाचा चौक आज पुस्तकांमुळे ओळखला जातो ते आप्पा बळवंत मेहेंदळे हे त्याच पेशवाईतले लढवय्ये सरदार. त्यांचे वडील बळवंतराव पानिपतच्या मोहिमेत, शेवटच्या मोठ्या लढाईच्या आधीच, डिसेंबर १७६० मध्ये पडले. आप्पांबद्दल अशी गोष्ट सांगतात की सवाई माधवराव पर्वतीहून परतताना हत्तीवरून पडता पडता त्यांनी सावरलं, म्हणून चौकाला त्यांचं नाव मिळालं. आज त्या चौकात उभं राहून हत्ती कोणाला आठवतोय? आठवते ती नववीची भूमिती.

छपाई आली ती एकोणिसाव्या शतकात, आणि ती सुद्धा लगेच हातात धरली गेली नाही. छापायच्या शाईत चरबी असते, असा बोलबाला होता. सोवळंओवळं पाळणारी मंडळी छापील पुस्तकाला शिवायला तयार नव्हती. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ च्या सुमारास मराठी पंचांग छापलं. धार्मिक पुस्तकं छापताना चरबीऐवजी तूप वापरून शाई केली, तेव्हा कुठे लोकांनी ती घरात घेतली. मला हे फार आवडलं. पुस्तकाला हात लागावा म्हणून एका छापखानेवाल्याने तूप कढवलं!

पुण्यात १८४८ हे वर्ष महत्त्वाचं. त्या वर्षी बुधवार पेठेत दोन गोष्टी झाल्या. भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. आणि बुधवार वाड्यात ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ सुरू झाली, तिच्यामागे लोकहितवादी होते. आजचं पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. म्हणजे एकाच पेठेत, एकाच वर्षी, एकीकडे पुस्तकं सार्वजनिक झाली आणि दुसरीकडे ती वाचू शकणारे नवे हात तयार व्हायला लागले. पैकी एकीला शहाणी मंडळी वर्गणी देत होती आणि दुसरीवर शेण फेकत होती, हेही विसरायला नको. माझ्यासारखी शेतकऱ्याघरची बाई मॅनीजमध्ये पक्ष्यांचं पुस्तक चाळत उभी राहते तेव्हा तिची वाट त्या दुसऱ्या दारातून येते. बुधवार वाडा पुढे मे १८७९ च्या आगीत गेला. वाचनालय मात्र टिकलं. आज पावणेदोनशे वर्षं उलटून गेली.

मग आलं दुकान. विष्णुशास्त्री चिपळूणकर म्हटलं की आपल्याला निबंधमाला आठवते, १८७४ पासूनची, आणि न्यू इंग्लिश स्कूल, केसरी, मराठा. पण याच माणसाने पुण्यात पुस्तकांचं दुकानही काढलं होतं. नाव, किताबखाना. स्वतःला मराठी भाषेचा शिवाजी म्हणवणाऱ्याने दुकानाला फारसी नाव द्यावं याचं मला हसू आलं. चित्रं छापायला १८७८ ची चित्रशाळा, छापायला आर्यभूषण, शिकवायला शाळा, आणि विकायला किताबखाना. लिहिलेलं छापलं पाहिजे, छापलेलं लोकांपर्यंत गेलं पाहिजे, आणि जायला दुकान पाहिजे, हे त्यांना नीट कळलेलं होतं. मार्च १८८२ मध्ये ते गेले तेव्हा बत्तिसावंही पुरं झालेलं नव्हतं. आपण त्या वयात गृहकर्जाचे कागद गोळा करत होतो.

पुढे शाळा वाढल्या तशी आप्पा बळवंत चौकाची भरभराट झाली. नूमवि चौकातच, हुजूरपागा हाकेच्या अंतरावर, छापखाने आणि प्रकाशक शनिवार, नारायण, सदाशिव पेठांत. पाठ्यपुस्तकं, मग गाइडं, मग निम्म्या किमतीतली जुनी पुस्तकं, मग ललित. दुकान पुस्तकांचं, पण घाई शाळेची, म्हणून काउंटर. नदीपलीकडे डेक्कनला वेगळी हवा होती. कॉलेजं, प्राध्यापक, संस्था. तिथे १९३१ साली इंटरनॅशनल बुक सर्व्हिस निघालं, दीक्षितांचं, परदेशी आणि अभ्यासाच्या पुस्तकांसाठी. आणि कॅम्पात मॅनीज. एकाच शहरात तीन तऱ्हांची दुकानं, तिन्हींचं गिऱ्हाईक वेगळं, आणि माझ्यासारखे तिन्हीकडे घुटमळणारेही.

माझ्या खोलीच्या मालकीणबाईंकडून, आम्ही त्यांना माई म्हणायचो, मी पानशेतच्या पुराची एक गोष्ट ऐकली होती. ती इथे सांगायलाच हवी. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, खडकवासला फुटलं, नारायण पेठेत पाणी शिरलं. माईंच्या यजमानांना पुस्तकांचा नाद. एक काचेचं कपाट, दोनशेच्या वर पुस्तकं, कुलूप लावलेलं. शेजारच्या पोरांनी हात लावू नये म्हणून किल्ली त्यांच्या जानव्याला. पाणी ओसरल्यावर परत येऊन पाहतात तर पुस्तकं फुगून कपाटात अशी घट्ट बसलेली की कुलूप काढूनही एक पुस्तक निघेना. शेवटी मागची फळी फोडून लगदा काढावा लागला. वाचली फक्त तीन पुस्तकं. ती सदाशिव पेठेत वर राहणाऱ्या एका मास्तरांनी वाचायला नेली होती आणि वेळेवर परत केली नव्हती, म्हणून त्यांच्यावर हे वर्षभर रागावलेले होते. “दिलेली वाचली, ठेवलेली बुडाली,” एवढंच म्हणून माई चहा टाकायला उठायच्या.

ही गोष्ट मी किती तरी जणांना सांगितली. मला ती कळली नव्हती, हे आत्ता लिहिताना समजतंय.

आता माझी स्वतःची एक गोष्ट. ही मी घरातही कधी सांगितली नव्हती.

२०११ साल. दिवाळीच्या आसपास मी मॅनीजमध्ये मराठ्यांच्या इतिहासावरचं एक जाड इंग्रजी पुस्तक पाहिलं. पुस्तक वरच्या फळीवर होतं. दुकानातल्या माणसाने स्टुलावर चढून मला ते काढून दिलं, वरची धूळ पुसली. मी अर्धा तास ते चाळलं. मागे किंमत पाहिली, ६९५ रुपये. तोवर घरी इंटरनेट आलेलं. भाचा सांगायचा, “मावशी, ऑनलाइन घे ना, किती सवलत असते!” मी पिशवीतून डायरी काढली, पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव लिहून घेतलं, पुस्तक त्या माणसाच्या हातात परत दिलं, ‘थँक यू’ म्हटलं आणि घरी आले. चार दिवसांनी पुस्तक दारात. ४८५ रुपये. दोनशे दहा वाचले. यांना मोठ्या फुशारकीने सांगितलं.

पुढच्या वर्षी, मार्चमध्ये, पेपरात बातमी आली की मॅनीज बंद होतंय. साठ वर्षांहून जुनं दुकान. का बंद केलं ते मालकांचं त्यांना ठाऊक, त्यांची कारणं त्यांची, आणि माझ्या दोनशे दहा रुपयांनी दुकान बंद पडलं असं मानण्याइतकी मी मोठी नाही. पण पुस्तकाच्या धंद्याचा हिशोब सोपा आहे. किमतीतले साधारण तीस-पस्तीस टक्के दुकानदाराकडे राहतात. त्यातून जागेचं भाडं, वीज, पगार, आणि न खपता वर्षानुवर्षं मांडणीवर बसून राहिलेल्या पुस्तकांचा खर्च. स्टुलावर चढणारा माणूस त्यातच आला. दोन-दोन तास उभी राहून रिकाम्या हाताने जाणारी मीही त्यातच आले. ऑनलाइनवाल्याला हे काही ठेवावं लागत नाही. म्हणून तो जी सवलत देऊ शकतो ती मुळात त्या मांडणीचे, त्या स्टुलाचे आणि माझ्या दोन तासांचे पैसे आहेत. मी पाहिलं एकीकडे आणि पैसे दिले दुसरीकडे.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी एकटीच गेले. दुकानात माणसंच माणसं. सगळे माझ्यासारखेच, वर्षानुवर्षांचे, हळहळणारे. मी मनात म्हटलं, यांतले निम्मे जरी गेल्या दिवाळीत इथे पैसे देऊन गेले असते तर! मग माझी मलाच लाज वाटली. मी पाच पुस्तकं घेतली, पूर्ण किमतीची असती तर बरं वाटलं असतं. ज्याने स्टुलावरून पुस्तक काढून दिलं होतं तो माणूस दिसला नाही. दिसला असता तरी काय बोलले असते?

त्यानंतर पुण्यात आणखीही दुकानं बंद झाली, काही मोठी, एसी, कॉफीवाली. काही तगली आणि चांगली चालली आहेत. बाजीराव रोडवर अक्षरधारा आहे, चौकात रसिक आहे, डेक्कनला उत्कर्ष आहे. तिथे आत शिरून मनसोक्त हाताळता येतं. वाचणारी माणसं संपली असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये फर्ग्युसनच्या मैदानावर पहिला पुणे पुस्तक महोत्सव झाला, तेव्हा आपल्याच सोसायटीतली सात-आठ मंडळी मला तिथे गर्दीत भेटली. ए विंगमधला एक दहावीतला मुलगा खाली मातीत बसून वाचत होता, आई दोन वेळा हाक मारून गेली तरी त्याला पत्ता नाही. मला कोण आनंद झाला! पण घरी येताना रिक्षात विचार आला, हा मुलगा आपल्या क्लब हाऊसमध्ये रोज टेबल टेनिस खेळतो. कपाटापासून चार फुटांवर. आजवर एकदाही त्याने माझ्याकडे किल्ली मागितलेली नाही.

मग रजिस्टर काढून बसले.

आपलं कपाट २००३ च्या गणेशोत्सवानंतर आलं. वर्गणीतून थोडे पैसे उरले होते, ते भेळपार्टीवर उडवायचे की कपाट घ्यायचं यावर जे वाजलं ते जुन्या सभासदांना आठवत असेल. (कपाट घेतलं आणि भेळपार्टीही झाली, त्याची वेगळी वर्गणी काढून.) पहिल्या वर्षी दीडशे पुस्तकं जमली, सगळी घराघरांतून. त्या वर्षीच्या नोंदी ३१२. रविवारी सकाळी दोन तास मी कपाट उघडून बसायची, मुलं फरशीवर पसरलेली असायची. आज नोकरीनिमित्त बाहेरदेशी असलेल्या किती तरी मुलांची तेव्हाची अक्षरं त्या रजिस्टरात आहेत.

२००८ साली सहा पुस्तकं हरवली. मला फार राग आला. मी कपाटाला मोठं कुलूप लावलं, रविवारचं बसणं बंद केलं आणि नोटीस लावली: ‘पुस्तक हवे असल्यास बी विंगमधून किल्ली न्यावी व त्वरित परत करावी.’ त्या वर्षी नोंदी १४०. पुढच्या वर्षी ८८. त्यानंतर एकही पुस्तक हरवलं नाही, हे मी दर वार्षिक सभेत अभिमानाने सांगत आले. गेल्या वर्षीच्या नोंदी १९. त्यातल्या अकरा माझ्याच.

मधे एकदाच आकडा वर गेला होता, २०२० साली. लॉकडाऊनमध्ये किल्ली हातोहात फिरणं बरं नव्हे म्हणून मी कुलूप काढून ठेवलं होतं. परत आलेली पुस्तकं गच्चीवर उन्हात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी कपाटात. पाच महिन्यांत २२६ नोंदी. आणि गहाळ झाली दोन पुस्तकं. तेव्हा आपण सगळे म्हणालो, लोकांना वेळ होता म्हणून वाचली. वेळ होताच. पण कपाटही उघडं होतं.

हे आकडे एका कागदावर लिहिले आणि मला माई आठवल्या. जानव्याला बांधलेली किल्ली आठवली. आप्पा बळवंत चौकातल्या त्या काउंटरसमोर “लेखक सांगा, पुस्तक सांगा” ऐकून गप्प झालेली मी आठवले. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवून “काकू, किल्ली द्या, काहीतरी वाचायचंय” असं एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाने म्हणावं, ही अपेक्षा मी करत होते. मी त्या वयात म्हटलं असतं का? मी बावीस वर्षांची असताना मला ते जमलं नव्हतं. ज्या दुकानाने मला काही न विचारता आत येऊ दिलं त्याची आठवण मी उराशी धरून बसले, आणि स्वतः मात्र काउंटरमागे जाऊन उभी राहिले.

सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळ भिलार आहे, स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ ला ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं. पंचवीस ठिकाणी, लोकांच्या राहत्या घरांत, देवळात, शाळेत, मिळून पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं ठेवली. कोणीही कोणाच्याही घरी शिरावं, हवं ते पुस्तक काढावं, बसून वाचावं. आपण सोसायटीच्या सहलीला महाबळेश्वरला गेलो तेव्हा परतीच्या वाटेवर तासभर तिथे थांबलो होतो. एका घराच्या ओसरीत मी पुस्तक चाळत बसले आणि घरातल्या वहिनी शेजारी शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर करून एकदा पाहिलं, हसल्या, पुन्हा शेंगांना लागल्या. कुलूप कुठे दिसलं नाही.

तर सेक्रेटरींना आणि कमिटीला माझं म्हणणं असं. पार्सल रॅकची सूचना चुकीची नाही. वॉचमनच्या केबिनमध्ये पाय ठेवायला जागा उरलेली नाही, आणि त्यातली दोन पार्सलं महिन्याला माझी असतात, मी कोणत्या तोंडाने विरोध करू? रॅक जरूर बसवा. पण कपाट हलवू नका, त्याची दारं काढा. रॅक त्याला लागूनच बसवा. पार्सल न्यायला प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी रोज येणार. येताना-जाताना नजर पडेल, हात जाईल. रजिस्टर दोरीने बांधून ठेवू, पेन्सिलसकट. पुस्तकं हरवतील. दर वर्षी दहा हरवली तरी सगळी संपायला ऐंशीहून जास्त वर्षं लागतील, आणि तोवर इमारतीचा पुनर्विकास नक्कीच झालेला असेल.

मराठ्यांच्या इतिहासाचं ते जाड पुस्तक मी परवा कपाटात ठेवलं. नोंद क्रमांक ८३२. मागच्या कव्हरवर ६९५ छापलंय, त्याखाली माझ्या अक्षरात पेन्सिलीने ४८५ लिहिलंय. खोडलेलं नाही. ज्याला वाचायचंय त्याने न्यावं, घाई नाही, जाड आहे.

आणि किल्ली या लेखासोबत सेक्रेटरींकडे दिली आहे.